पांढऱ्या गाडीचा आवाज

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. वाकून केला आहे, तुम्हाला दिसत नाही एवढंच. गेल्या आठवड्यात चार वेळा फोन केला. चारही वेळा तुम्ही उचलून "पत्र लिही" म्हणालात आणि ठेवून दिलात. तीन वर्षं हेच चाललंय. दुसऱ्या कोणाचा मामा असता तर म्हटलं असतं, म्हातारपणी गर्व चढला. तुमचा तर मला तरुणपणापासूनचा माहीत आहे.

तर काम. अकरा वर्षं आमच्या मासिकात असं चालतं की गाडी मी चालवते, माझं चार पानी परीक्षण छापून येतं, आणि कोपऱ्यात "मिस्त्रींचा कान" नावाच्या चौकटीत तुमच्या पत्रातल्या वीस ओळी. लोक माझी चार पानं उलटून आधी ती चौकट वाचतात. हल्ली मी ते मनाला लावून घेत नाही. पण संपादकांचं म्हणणं असं की यापुढे गाड्या विजेच्या येणार, विजेच्या गाडीला आवाज नाही, मग कानाचं काय काम? चौकट बंद करून तिथे टायरची जाहिरात घ्यायचं त्यांच्या मनात आहे. मी भांडले. शेवटी एवढं ठरलं की एक तुलना करायची. विजेवरची नवी स्पोर्ट्स कार एकीकडे आणि तिच्याच तोलामोलाची पेट्रोलवरची दुसरीकडे. विजेवालीची किंमत पावणेदोनपट आहे. ती तेवढ्या मोलाची आहे का, हा प्रश्न. यात तुमच्या कानाला काही सापडलं तर चौकट राहील, नाही तर गेली.

विजेवाली पांढरी आहे. ती बारा तारखेला तुमच्या गॅरेजवर येईल आणि तीन दिवस राहील. मग पेट्रोलवाली, तांबडी. मग दोन्ही माझ्याकडे. सोबत पांढरीची माहितीपुस्तिका पाठवते. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे. "गाडी वाचायची नसते" हे तुमचंच वाक्य.

मामीला नमस्कार. ती हल्ली रोज गॅरेजवर येऊन बसते असं ऐकलं. तुमच्यावर नजर ठेवायला का?

टाचणी


९ जानेवारी

टाचणीबाई,

आशीर्वाद, आणि एक चापट, गर्वाबद्दल.

फोनचं एकदाच सांगतो. फोनवर माणूस आधी बोलतो आणि नंतर विचार करतो. पत्रात निदान पाकीट चिकटवेपर्यंत वेळ मिळतो. याच कारणासाठी मी गॅरेजच्या दाराशी पाटी ठेवली आहे. गिऱ्हाइकाने तक्रार तोंडी सांगायची नाही, पाटीवर लिहायची. "थंडीत चालू होत नाही." बस्स, चार शब्द. तोच माणूस तोंडी सांगायला लागला की साडूच्या लग्नापासून सुरुवात करतो. लोक आधी हसले, आता शहाण्यासारखे लिहितात. एका वकिलाने पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या, त्याला सोडून दिलं.

तुझी मामी नजर ठेवायला येत नाही, घरी कंटाळा येतो म्हणून येते. माझ्या मागच्या स्टुलावर बसून स्वेटर विणते. तीन वर्षांत दीड बाही झाली आहे, म्हणजे काय नजर असेल ती तुझ्या लक्षात येईल.

संपादकांना सांग, चाळीस वर्षं मी कानाच्या जिवावर पोट भरलं आहे. विजेची गाडी म्हणजे मिक्सरला चार चाकं. पण मिक्सरही बिघडण्याआधी बोलतो. तुझ्या आईच्या मिक्सरचा ब्रश गेलाय हे मी बाहेरच्या खोलीत बसून सांगितलं होतं, विचार तिला. जिथे काही फिरतं तिथे काही घासतं, आणि जिथे घासतं तिथे आवाज आहे. चौकट कुठे जात नाही. टायरवाल्याला दुसरं पान द्या.

पुस्तिका पोचली. कागद चांगला जाड आहे, तिच्यावर चहाचा कप ठेवतो.

मामा


२१ जानेवारी

टाचणीबाई,

दोन्ही गाड्या गेल्या. जसं वाटलं तसं लिहितो. छापताना शिव्या काढ.

पांढरी दिसायला देखणी आणि वजनाला म्हैस, दोन हजार किलोच्या वर. पाय दाबला की मान मागे आपटते, तीन सेकंदांत शंभर. खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला. पण दहा वेळा गोळा आला की अकराव्या वेळी कंटाळा येतो. एका भरणीत पाचशे किलोमीटर जाते म्हणतात. बॅटरीचा काटा ज्या बेताने खाली आला त्यावरून सव्वातीनशेच्या पुढे तिचा भरवसा नाही. गॅरेजच्या साध्या प्लगला सकाळी लावली तर दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी भरली होती. तेवढ्यात मी एक गिअरबॉक्स उतरवून परत चढवला.

आता आवाज. त्यासाठीच तर बोलावणं होतं. या लोकांनी गाडीत खोट्या इंजिनाचा आवाज घातला आहे, स्पीकरमधून येतो. तीन पातळ्या आहेत. पहिलीत घरघर, दुसरीत गुरगुर, तिसरीत डरकाळी, असं त्यांचं म्हणणं. मला विचारशील तर पहिलीत डब्यात कोंडलेला भुंगा, दुसरीत तोच भुंगा चिडलेला, आणि तिसरीत माझ्या कानठळ्या बसल्या. शेवटी काचा खाली केल्या. ज्याला जीव नाही त्याने कण्हू नये.

तांबडीचं काय सांगू. तिचे सहा सिलिंडर म्हणजे एका घरात वाढलेली भावंडं, कुरकुरतील पण एकमेकांना सोडणार नाहीत. पाय दाबला की चार हजार फेऱ्यांपर्यंत घसा खाकरते आणि मग गळा मोकळा सोडते. बॉनेटवर नुसता हात ठेवला तरी कळतं. निम्मा आनंद तिथेच आहे.

शिवाय पांढरीचं मागचं डावं चाक. त्याचं बेअरिंग जायला लागलंय. अजून बोलत नाही, पुटपुटतंय. कंपनीवाल्यांना कळव.

निकाल: पांढरी त्या किमतीची नाही. फरकाच्या पैशात तांबडीचं दहा वर्षांचं पेट्रोल येईल, आणि आवाज फुकट.

मामा

ता. क. वीस ओळींपेक्षा जास्त झालं आहे. कुठूनही काप, भुंगा मात्र काढू नकोस.


२६ जानेवारी

मामा,

भुंगा काढावा लागणार आहे.

पांढरी माझ्याकडे बावीसला आली. पहिल्याप्रथम मी तुमचा भुंगा ऐकायला बटण दाबलं. पहिली पातळी, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, त्या गाडीतला आवाजाचा डबा जळला होता, तो आम्ही दोन जानेवारीलाच काढून घेतला, नवा अजून आला नाही, सांगायचं राहून गेलं. म्हणजे गाडी तुमच्या दारात आली तेव्हाच मुकी होती.

घरघर, गुरगुर आणि डरकाळी हे तिन्ही शब्द पुस्तिकेच्या नवव्या पानावर आहेत. कानठळ्या तेवढ्या तुमच्या.

दोन दिवस मी याचा दुसरा काही अर्थ लागतो का ते बघत होते. लागला नाही. तुम्ही गाडीत बसलाच नाहीत. तीन दिवस ती गॅरेजबाहेर उभी राहिली, तुम्ही चहा पीत पुस्तिका वाचली आणि आधीच ठरलेलं मत लिहून पाठवलंत. बेअरिंगचंही तसंच असणार, कुठल्याही गाडीला चिकटवता येतं ते. तांबडीबद्दल लिहिलंत ते खरं आहे, पण तिचं इंजिन वीस वर्षं तेच आहे. झोपेतही लिहाल.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा तुम्ही माझे डोळे बांधून मला एका चालू गाडीपुढे उभं केलं होतं. कुठला सिलिंडर चुकतोय, सांग. मी अंदाजाने "तिसरा" म्हणाले आणि ते बरोबर निघालं. तरी तुम्ही रागावलात. म्हणालात, जे ऐकलं नाही ते सांगायचं नाही, बरोबर असलं तरी. मी त्या एका वाक्यावर नोकरी करते आहे, मामा.

तुमचं पत्र संपादकांना अजून दाखवलेलं नाही. अंक पंधरा फेब्रुवारीला छपाईला जातो. बसला होतात की नाही, एका ओळीत लिहा.

टाचणी


२९ जानेवारी

टाचणी,

नाही बसलो.

चाळीस वर्षं पेट्रोलमध्ये हात घातलेल्या माणसाला विजेच्या गाडीत बसायची लाज वाटली, आळसही आला. पुस्तिकेवरून लिहिलं. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. चौकट बंद करायला सांग, टायरवाल्याला ती जागा शोभेल. माझ्यामुळे तुला खाली मान घालायला लागू नये, म्हणून संपादकांना एवढंच सांग की मिस्त्री थकला.

मामा

ता. क. माझा लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर पंधरा दिवस सापडत नाही. तो पांढऱ्या गाडीत असायचं काही कारण नाही, कारण मी तिच्यात बसलोच नव्हतो. तरी सीटखाली एकदा बघ.


२ फेब्रुवारी

मामी,

पाकिटावर मुद्दाम तुझं नाव घातलंय. मामांसमोर उघडू नकोस.

त्यांचा स्क्रूड्रायव्हर चालकाच्या सीटखाली सापडला. जो माणूस गाडीत बसलाच नव्हता त्याचा. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, गाडीची नोंद बघितली. ती तुमच्याकडे आली तेव्हाचा आणि निघाली तेव्हाचा आकडा यात एकशे अठरा किलोमीटरचा फरक आहे. काल मागचं डावं बेअरिंगही उघडायला लावलं. कंपनीच्या यंत्राला त्यात काही सापडलं नव्हतं, माझ्या कानाला तर नाहीच. उघडल्यावर आत ओरखडे दिसले.

म्हणजे मामा गाडीत बसले होते, तिच्याखालीही गेले होते, आणि तरी "नाही बसलो" असं लिहून त्यांनी माझ्याकडून स्वतःला खोटारडा ठरवून घेतलं. एवढा मानी माणूस असं कधी करेल? याहून मोठं काही लपवायचं असेल तरच.

लहानपणी मी बघितलंय, मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ कानाला. त्या मुठीवर आता दातांच्या खुणा आहेत, मामी. दोन्ही बाजूंनी आणि चांगल्या खोल. त्या बघितल्या आणि एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. उचलून लगेच ठेवलेला फोन. दारातली पाटी. तुझं स्टूल, आणि तीन वर्षांतली दीड बाही.

कधीपासून ऐकू येत नाही त्यांना? आणि मी इतकी मूर्ख कशी?

टाचणी


५ फेब्रुवारी

टाचणीस,

तू मूर्ख नाहीस, तू लांब आहेस. लांबून सगळे ठणठणीत दिसतात.

तीन वर्षं झाली. डावा कान गेलाच, उजव्यात थोडं उरलंय. समोर शांतता असली आणि माणूस जवळ असला तर काही काही कळतं. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं इंजिनाच्या तोंडात डोकं घातलं की असंच होणार, यंत्र लावा. हे म्हणाले, मिस्त्रीच्या कानात यंत्र दिसलं की गिऱ्हाईक दारातूनच परत फिरेल. तिथे विषय संपला. मी मागे बसते. कोणी काही विचारलं की ह्यांच्या पाठीवर बोट ठेवते, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. फोन वाजला की सुई टोचते. त्यात विणकाम कसं होणार? इंजिन मात्र हे स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून, हाडांत येणाऱ्या थरथरीवरून ऐकतात आणि चुकत नाहीत. चुकले असते तर मीच गॅरेजला कुलूप लावलं असतं.

भुंग्याचं पाप माझं आहे. गाडीत मी शेजारी होते. ह्यांनी ते बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. मला काहीच ऐकू आलं नाही. पण आवाज नाही म्हणजे चौकट नाही एवढं मला कळत होतं, आणि ह्यांचा चेहरा मला बघवेना. मी हातावर एकदाच बोट ठेवलं. पुढचं ह्यांनी पुस्तिकेतून रंगवलं. तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा त्यांना कळलं की मी फसवलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तुला "नाही बसलो" लिहिलं तेव्हा मी बाजूलाच होते. मी दोनदा बोट ठेवलं, तरी त्यांनी ते पाकीट चिकटवलं.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

गाडीचं म्हणशील तर आत बसायला बरी आहे. परत येताना मला जरा मळमळलं, एवढंच.

मामी


८ फेब्रुवारी

मामा,

स्क्रूड्रायव्हर सोबतच्या खोक्यात आहे. बेअरिंगचा फोटोही आहे, ओरखडे बघा. तुम्ही गाडीत बसला होतात, एकशे अठरा किलोमीटर, आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. माझं चुकलं.

मी कोणाला काही विचारलं नाही आणि मला कोणी काही सांगितलं नाही. मूठ बघितली, तेवढं पुरलं. हत्यारावरून माणूस ओळखायला तुम्हीच शिकवलंय.

रागावलात तरी एक सांगते. मला कमी ऐकू येणारा मामा चालला असता. खोटं बोलणारा मामा आहे असं समजून काढलेले आठ दिवस फार वाईट गेले. या दोघांतला कोण द्यायचा हे तुम्ही माझ्यासाठी ठरवलंत आणि चुकीचा दिलात.

चौकटीचं तुम्ही ठरवा. मी संपादकांना काही सांगणार नाही. पण गाडीचा प्रश्न अजून आहे तिथेच आहे, आणि आता तिच्यात कोण कोण बसलं होतं हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. ती त्या किमतीची आहे का?

टाचणी


१२ फेब्रुवारी

टाचणीबाई,

खोकं मिळालं. "मला कोणी काही सांगितलं नाही" हे तुझं वाक्य मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. खिडकीबाहेर भिंत आहे.

खालचं छाप. यातलं काही कापू नकोस.

"'मिस्त्रींचा कान' लिहिणाऱ्या मिस्त्रीला तीन वर्षं नीट ऐकू येत नाही. या तीन वर्षांत जे लिहिलं ते हाताने, बुडाने आणि दाताने ऐकून लिहिलं. त्यात चूक सापडली असेल त्याने गाडी घेऊन यावं, फुकट दुरुस्त करून देईन. या वेळी मात्र जे ऐकलं नव्हतं ते लिहून बसलो होतो. छापण्याआधी माझ्या भाचीने पकडलं.

तांबडी चांगली गाडी आहे. पण तिच्या किमतीतला निम्मा भाग आवाजाचा, आणि तो मला मिळाला नाही. बॉनेटवर हात ठेवून जुना आठवला. पांढरी जड आहे, महाग आहे, लांबच्या प्रवासाला भरवशाची नाही आणि तिच्या वेगाचा दहा वेळांत कंटाळा येतो.

तिसऱ्या दिवशी परत येताना गॅरेजच्या गल्लीत वळायला मी जरा घाई केली. शेजारी बायको होती. ती म्हणाली, 'हळू चालवा.' मी हळू केली. घरं चारपाच मागे पडली तेव्हा लक्षात आलं की तिने मला हात लावला नव्हता. तीन वर्षं घरात ओरडून बोलते तशी ओरडलीही नव्हती. साधं म्हणाली होती आणि मला ऐकू आलं होतं, कारण मध्ये इंजिन नव्हतं. मी बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. काय झालं विचारलं, तर म्हणाली, मळमळतंय. मी काचा खाली केल्या. कान गेले की माणूस डोक्यानेही बहिरा होतो.

पेट्रोलच्या आवाजावर मी चाळीस वर्षं प्रेम केलं. माझे कान त्यानेच नेले, हे या चौकटीत कधी लिहिलं नाही. आता लिहिलं.

निकाल: पांढरी त्या किमतीची नाही. मी दोनदा विचार केला, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मला मात्र ती स्वस्त वाटली."

छापायचं इथे संपलं. हे वाचून काही गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे, पाटी तशीही भरलेलीच असते. संपादकांना म्हणावं, चौकट ठेवायची तर ठेवा, नाव तेवढं बदला.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. काल डॉक्टरांकडे जाऊन कानाच्या यंत्राचं माप दिलं. दोन तऱ्हेची होती, एक दुसऱ्याच्या पावणेदोनपट महाग. मी महागाचं सांगितलं. बॅटरीवर चालतं आणि रोज चार्ज करावं लागतं. तेव्हा आता या घरात पहिला मीच विजेवर गेलो. हसून घे.

यंत्र शनिवारी मिळेल. मामीला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ते लावून, टोपी कानावर ओढून, मी नेहमीसारखा तिच्या स्टुलापुढे बसणार आहे. ती मागून रोज काहीतरी पुटपुटत असते. समोर टांगलेल्या आरशात मला तिचे ओठ हलताना दिसतात. तीन वर्षं ती माझ्या पाठीमागे काय म्हणते आहे, ते आधी नीट ऐकून घेतो. मग तिला सांगेन.

मामा